दुसरी किल्ली

जूनचा पाऊस लागला की आमच्या पनवेलच्या एस.टी. स्टँडवर एक ओळखीचं दृश्य दिसू लागतं. रोहा, माणगाव, महाड, चिपळूणकडच्या गाड्या येतात आणि त्यांतून एकेक कुटुंब उतरतं. मुलाच्या हातात चाकांची नवी बॅग, वडिलांच्या काखेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली गादी आणि आईच्या मांडीवरून अजिबात न हललेली लोणच्याची बरणी. कुणाला खांदा कॉलनीत जायचं असतं, कुणाला नवीन पनवेलात, कुणाला कामोठ्याच्या मेडिकल कॉलेजात. वडील रिक्षावाल्याशी घासाघीस करतात, आई मुलाच्या शर्टाची कॉलर उगाचच नीट करते. संध्याकाळच्या गाडीने आईबाप परत जातात. बॅग, गादी, बरणी आणि मूल मागे राहतं.

हे दृश्य पाहताना मला दर वर्षी एक मुलगा आठवतो. त्याचं नाव सांगत नाही. तो आज चाळिशीकडे झुकला आहे, पनवेलातच त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याचं बरं चाललं आहे. पण 2006 साली तो माझ्यासमोर आला तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि मी बँकेत कर्जं मंजूर करणारा अधिकारी होतो.

त्याचे वडील शिवणकाम करीत. मुलाला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. शैक्षणिक कर्जाची योजना तेव्हा नवी होती. चार लाखांपर्यंत तारण नको, आईवडील सहकर्जदार. मी गुणपत्रिका पाहिली, फीची पावती पाहिली, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला पाहिला, बारा ठिकाणी सह्या घेतल्या. मुलाच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हटलं, ‘बेटा, बँकेचं नाव काढ.’

दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला आणि परत गेलाच नाही.

जानेवारीत वडील त्याला घेऊन बँकेत आले. पोरगा निम्मा झाला होता. मान खाली, बोटं एकमेकांत गुंतलेली. मी त्याला पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. बापाचे कष्ट, संधीची किंमत, हल्लीच्या मुलांची तकलादू मनं, सगळं झालं. तो काहीच बोलला नाही. शेवटी मी विचारलं, ‘आता हप्त्यांचं काय?’ वडील म्हणाले, ‘साहेब, मी फेडीन.’ त्यांनी ते फेडलंही. दोन वर्षांनी शेवटची रक्कम भरायला आले तेव्हा, खातं बंद झाल्याची पावती घडी करून खिशात ठेवत, त्यांनी मला घडलं ते सांगितलं.

वरच्या वर्गातली चारपाच मुलं त्याला रोज रात्री गच्चीवर उभं करीत. जेवणाचं ताट काढून घेत. बाप शिंपी म्हणून साऱ्यांच्या फाटक्या कपड्यांना टाके घालायला लावीत. हे तीन आठवडे चाललं. मग त्याने धीर करून वसतिगृहाच्या रेक्टरना सांगितलं. रेक्टरनी काय करावं? त्या मुलांना तिथेच बोलावून घेतलं आणि याच्यादेखत विचारलं, ‘काय रे, हा म्हणतो ते खरं का?’ ती हसत ‘नाही सर’ म्हणाली. प्रकरण मिटलं. त्या रात्री काय झालं ते मुलाने आजतागायत वडिलांना सांगितलेलं नाही.

वाचकहो, त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. त्या मुलाला मी पंधरा मिनिटं ऐकवलं होतं आणि त्याचं एक मिनिटही ऐकून घेतलं नव्हतं. मुलाने कॉलेज का सोडलं हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. माझ्या मनात हप्ता होता.

आणखी एक गोष्ट मला पुढे कळली आणि ती अधिक बोचली. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 सालीच झालेला होता. म्हणजे त्या गच्चीवरच्या रात्रींच्या आधी सात वर्षं. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड, शिवाय दोषी ठरल्यास कॉलेजातून काढून टाकणं आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही, असं त्यात स्पष्ट आहे. लेखी तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आणि तथ्य दिसलं तर मुलाला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. प्रमुखाने टाळाटाळ केली तर त्याने गुन्ह्याला साहाय्य केलं असं मानलं जातं. इतका कडक कायदा! पण तो त्या मुलाला माहीत नव्हता, त्याच्या वडिलांना नव्हता आणि कागदपत्रांत हयात घालवलेल्या मलाही नव्हता.

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. 2009च्या मार्च महिन्यात हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी रॅगिंगमध्ये मरण पावला. सारा देश हळहळला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले. प्रत्येक विद्यार्थ्याने आणि पालकाने प्रतिज्ञापत्र द्यायचं, प्रत्येक कॉलेजात रॅगिंगविरोधी समिती आणि पथक असायचं. हे नियम कॉलेजच्या आवारापुरते नाहीत. बाहेरचं वसतिगृह आणि जायच्यायायच्या गाड्याही त्यांत येतात.

आणि तरीही 22 मे 2019 हा दिवस उजाडला. मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी वयाच्या सव्विसाव्या वर्षी आपलं जीवन संपवलं. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली मुलगी. घराण्यातच काय, समाजातही इतक्या दूरवर पोचलेल्या मुली थोड्या. वरिष्ठ सहकारी डॉक्टर जातीवरून छळ करतात, अशी तक्रार आपण आधीच संबंधितांच्या कानावर घातली होती, असं कुटुंबाने सांगितलं. तिघी वरिष्ठ डॉक्टरांना अटक झाली. दोष कुणाचा, किती, हे ठरवणं न्यायालयाचं काम. तुमच्या-माझ्यासारख्यांना छळणारा प्रश्न वेगळा आहे. तक्रार कानावर घातल्यानंतर ती पुढे कुठे जाते?

बँकेत मी छत्तीस वर्षं काढली. तिथे पहिल्या आठवड्यात शिकवतात की तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघं समोरासमोर आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. याचा अर्थ कॅशियर चोर आहे असा नव्हे. एकट्या माणसावर सगळा भरवसा टाकणं हा त्या माणसावरही अन्याय आहे, एवढंच त्यामागचं शहाणपण. शिवाय अधूनमधून न कळवता तपासनीस येतो आणि रोकड मोजून जातो.

माझ्या त्या कर्जदार मुलाच्या वसतिगृहात एकच किल्ली होती आणि ती रेक्टरांच्या खिशात होती. ज्यांची बदनामी होईल त्यांनीच तक्रार घ्यायची, त्यांनीच तपासायची आणि त्यांनीच मिटवायची. जून 2023मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हजवळच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात अठरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीची हत्या झाली, तेव्हा संशयित निघाला तो त्याच वसतिगृहात पहाऱ्याचं काम करणारा माणूस. पुढे तोही मृतावस्थेत सापडला. ती मुलगी चौथ्या मजल्यावर एकटी राहत होती. राखणदारावर कोण लक्ष ठेवतो, हा प्रश्न त्याआधी कुणी विचारला होता?

खरं म्हणजे दुसरी किल्ली कायद्याने करून ठेवली आहे. 2009च्या नियमांनुसार रॅगिंगविरोधी समितीत पोलीस, स्थानिक पत्रकार, स्वयंसेवी संस्था आणि पालक यांचे प्रतिनिधी हवेत. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 2013च्या कायद्यानुसार जी अंतर्गत समिती लागते, तिच्यातही बाहेरची व्यक्ती हवी. 2023च्या नियमांनी विद्यापीठांना विद्यार्थ्यांसाठी लोकपाल नेमायला सांगितलं. जुलै 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा आदेश दिला. अडचण एवढीच की पुष्कळ ठिकाणी ही दुसरी किल्ली पहिल्या किल्लीच्याच खिळ्याला टांगलेली असते. फलकावर नावं असतात, त्यांतली निम्मी माणसं बदलून गेलेली असतात आणि फलक ऑफिसच्या दाराआड असतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 या एका वर्षात देशात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांच्या यादीत सर्वांत वर आपलं महाराष्ट्राचं नाव होतं. प्रत्येक मृत्यूमागे रॅगिंग असतं असं नाही. परीक्षा, पैसा, एकटेपणा, घरच्या अपेक्षा, आजार, कितीतरी धागे गुंतलेले असतात. पण त्यांतल्या पुष्कळांना वेळेवर कुणीतरी ऐकणारं भेटलं असतं तर, ही हुरहूर मागे राहतेच.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. प्रवेशाच्या दिवशी फीबरोबर चार गोष्टी विचारा. रॅगिंगविरोधी समितीत आज कोण आहे आणि त्यांचा फोन कोणता? मुलींसाठीच्या अंतर्गत समितीतली बाहेरची सदस्य कोण? समुपदेशक आठवड्यातून किती दिवस बसतात? रात्री दोन वाजता मूल आजारी पडलं तर दार कोण उघडेल? उत्तर देताना समोरचा माणूस चिडला, तर तेही एक उत्तरच समजा. तक्रार करायची वेळ आलीच तर लेखी करा, तारीख घाला आणि पोचपावती घ्या. बँकवाल्याचा सल्ला आहे, हसण्यावारी नेऊ नका. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक 1800-180-5522 आहे. मन फार जड झालं असेल तर सरकारची टेली मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आणि विनामूल्य मिळते, मराठीतही बोलता येतं. हे दोन्ही क्रमांक मुलाच्या फोनमध्ये आणि आपल्याही फोनमध्ये असू द्या.

आणि आपण पनवेलकरांनी? बाहेरगावची सगळीच मुलं काही वसतिगृहात राहत नाहीत. कितीतरी आपल्याच सोसायट्यांत एका फ्लॅटमध्ये चौघं-पाचजण भाड्याने राहतात. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या सभेत ‘विद्यार्थ्यांना जागा देऊ नये’ असा ठराव आला होता. आवाज करतात, चपला बाहेर टाकतात, वगैरे. मी त्या मुलाची हकिकत सांगितली, नाव न घेता. ठराव बारगळला. आता दर वर्षी गणपतीच्या आरतीला त्या मुलांना आग्रहाने बोलावतात. मागच्या वर्षी तळमजल्यावरच्या काकूंच्या लक्षात आलं की एक मुलगा तीन दिवस डबा घ्यायला उतरला नाही. त्या वर गेल्या. तो तापाने फणफणला होता, बरोबरचे गावी गेले होते. काकूंनी डॉक्टर आणला आणि त्याच्या आईला फोन लावून दिला. एवढंच घडलं. पण त्या आईच्या दृष्टीने ते किती मोठं होतं!

परवा माझ्या दुकानदार मित्राकडे पंप घेऊन गेलो होतो. हो, आता तो मित्रच आहे. त्याची मुलगी दहावीला आहे. पुढे बाहेरगावी शिकायला जायचं म्हणते. ‘पाठवणार ना?’ मी विचारलं. तो बराच वेळ नट आवळत राहिला. मग म्हणाला, ‘पाठवणार, साहेब. पण प्रवेशाच्या दिवशी तुम्ही बरोबर चला. काय काय विचारायचं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.’

मी जाणार आहे. या वेळी सगळ्यात आधी मुलीशी बोलणार आहे आणि ती सांगेल ते ऐकून घेणार आहे.