पैसे कुणाच्या हाती?

सभागृहातल्या पहिल्या : लेखांक ७

मागच्या लेखात आपण नॅन्सी ॲस्टर यांच्यापाशी थांबलो होतो. १९१९ मध्ये ब्रिटिश संसदेत प्रत्यक्ष आसन घेणारी ती पहिली स्त्री. पण नवरा उमरावांच्या सभागृहात गेला आणि त्याची रिकामी झालेली जागा त्यांनी लढवली, हेही खरं. एलिनॉर रॅथबोन यांच्या मागे असं काही नव्हतं. १९२९ मध्ये निवडून आलेल्या चौदा स्त्रियांपैकी ही एकटी अपक्ष होती. अविवाहित, वय सत्तावन्न, लिव्हरपूलच्या धनिक व्यापारी घराण्यातली. मंत्रिपद तिला कधी मिळालं नाही. तरीही त्या पिढीतल्या ब्रिटिश स्त्री खासदारांत कायद्यावर सर्वांत खोल ठसा बाईंचाच उमटला, असं माझं मत आहे. त्यांच्याच एका कसोटीवर त्यांचं भारताविषयीचं काम घासलं तर मात्र ते उणं पडतं. ती कसोटी अशी : बाईला जे मिळतं ते तिच्या स्वतःच्या नावावर मिळतं, की नवऱ्याच्या मार्फत?

हा प्रश्न त्यांना पुस्तकांतून सुचलेला नव्हता. लिव्हरपूलच्या गोदीत रोजंदारीवर राबणाऱ्यांच्या घरचे जमाखर्च तपासून त्यांनी १९०९ मध्ये एक अहवाल काढला. आज काम, उद्या नाही. त्यामुळे बायकोच्या हातात पडणारी रक्कमही दर आठवड्याला वेगळी, आणि मधला खड्डा उसनवारीने, गहाणवटीने भरायचा. त्याच वर्षी त्या लिव्हरपूलच्या नगरपरिषदेवर अपक्ष म्हणून निवडून गेल्या. मग पहिलं महायुद्ध आलं आणि आघाडीवर गेलेल्या सैनिकांच्या बायकांना सरकारकडून थेट भत्ता मिळू लागला, तोही मुलांच्या संख्येप्रमाणे. शहरातलं त्या वाटपाचं काम बाईंनी अंगावर घेतलं होतं. नवरा घरात नाही, पण ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी आईच्या हातात येते, तेव्हा मुलांच्या अंगाखांद्यावर फरक दिसतो, हे त्यांनी जवळून पाहिलं. त्यातूनच १९२४ चा ‘द डिसइनहेरिटेड फॅमिली’ हा ग्रंथ उभा राहिला. पुरुषाला जास्त पगार का, तर त्याला कुटुंब पोसायचं असतं म्हणून, असं मालकही म्हणत आणि कामगार संघटनाही. बाईंचा हिशेब सरळ होता : ब्रह्मचाऱ्यालाही तोच पगार आणि सहा पोरांच्या बापालाही तोच, म्हणजे नसलेल्या मुलांसाठी पैसे मोजायचे आणि असलेली उपाशी ठेवायची. मुलांचा खर्च वेतनातून बाहेर काढून समाजाने उचलावा आणि रक्कम आईला द्यावी. मग समान कामाला समान वेतन नाकारायला सबब उरणार नाही.

यावर तुटून पडले ते नुसते सनातनी नव्हते. भत्ता आला की मालक पगार कापतील, ही कामगार पुढाऱ्यांची धास्ती निराधार म्हणता येणार नाही. मताधिकाराच्या चळवळीतल्या त्यांच्या ज्येष्ठ नेत्या मिलिसेंट फॉसेट यांनीच, आईबापांची जबाबदारी ढिली पडेल म्हणून विरोध केला. बाई हटल्या नाहीत. ग्रंथ वाचून ज्यांचं मन वळलं त्यांत अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज होते, आणि सामाजिक सुरक्षेवरच्या त्यांच्या १९४२ च्या अहवालाने बालभत्ता गृहीतच धरला. बेव्हरिज यांनी सुचवले होते आठवड्याला आठ शिलिंग. सरकारने केले पाच, तेही पहिलं मूल वगळून. बाईंनी हेही गिळलं असतं. पण १९४५ चं विधेयक छापून आलं तेव्हा त्यात भत्ता बापाच्या मालकीचा होता. पोस्टातून रक्कम उचलायला आई जाऊ शकेल, पण हक्क त्याचा. कारण मुलांना पोसण्याची कायदेशीर जबाबदारी त्याची, असं सरकारचं म्हणणं. व्यवहारात फरक तो काय, असं कुणालाही वाटेल. बाईंना तसं वाटलं नाही. ज्या मागणीसाठी पाव शतकाहून जास्त झिजल्या, तिच्याच विधेयकाविरुद्ध मत देईन, असं त्यांनी सभागृहात बजावलं. स्त्री संघटना उठल्या, सरकारने पक्षादेश मागे घेतला, खुल्या मतदानात बापाच्या जागी आई आली. जून १९४५ मध्ये कायदा झाला. पहिले पैसे ऑगस्ट १९४६ मध्ये वाटले गेले. बाई त्याच वर्षीच्या जानेवारीत वारल्या होत्या.

आक्षेप असा येईल की असा ताठा अपक्षालाच परवडतो, आणि असं अपक्षपण त्यांच्या मतदारसंघासारख्या मतदारसंघालाच. यात तथ्य आहे. त्या निवडून येत ते ‘संयुक्त इंग्रजी विद्यापीठे’ या मतदारसंघातून. तिथे मतदार फक्त पदवीधर, मतं टपालाने, आणि त्या पदवीधरांना आपल्या राहत्या भागातलं मत वेगळं. लोकशाहीच्या दृष्टीने ही चैनच होती आणि पुढे ती व्यवस्था रद्द झाली ते योग्यच झालं. सर्वसाधारण मतदारसंघात, लिव्हरपूलच्या ईस्ट टॉक्स्टेथमध्ये, १९२२ साली बाई उभ्या राहिल्या होत्या आणि पडल्या होत्या. पण विद्यापीठांच्या त्या मतदारसंघाने इतरही सदस्य पाठवले. त्यांनी त्या मोकळिकीचं काय केलं, हे शोधायला जुनी दप्तरं उघडावी लागतात. बाईंनी ती खर्चली मत नसलेल्यांसाठी : स्पेनच्या यादवीतली मुलं, चेकोस्लोव्हाकियातून निसटू पाहणारे लोक, १९४० मध्ये इंग्लंडनेच डांबलेले जर्मन ज्यू निर्वासित. यांपैकी एकाचंही मत त्यांना मिळणार नव्हतं.

भारत मात्र अवघड प्रकरण. भारतीय समाजावर झोड उठवणारं कॅथरीन मेयोचं १९२७ चं ‘मदर इंडिया’ हे पुस्तक वाचून बाई हादरल्या आणि आपल्याकडच्या बालविवाहाचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. ऑक्टोबर १९२९ मध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांनी भारतीय स्त्रियांवर परिषद भरवली, तेव्हा धन्वंती रामा राव यांनी उभं राहून विचारलं की आमच्या सुधारणेची जबाबदारी तुमच्याकडे कुणी दिली? (पुढे १९४९ मध्ये मुंबईत कुटुंबनियोजनाची संघटना उभारणाऱ्यांतल्या या धन्वंतीबाई, त्यांना सुधारणेचं वावडं होतं असं कुणी म्हणू नये.) बालपणी लावलेलं लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला होऊन तोवर चाळीस वर्षं उलटली होती, बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा नुकताच संमत झाला होता, आणि १९२७ च्या जानेवारीत पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेपासून देशभरच्या स्त्रिया संघटितपणे बोलू लागल्या होत्या. १९३१ मध्ये त्यांच्या संघटनांनी सरकारला संयुक्त निवेदन दिलं : सरसकट प्रौढ मताधिकार द्या, राखीव जागा नकोत, खास सवलती नकोत. रॅथबोनबाई मात्र लंडनमध्ये आणि १९३२ च्या भारतभेटीत ज्या गोष्टीसाठी खटपट करत होत्या, ती होती मालमत्ताधारकांच्या बायकांना मत आणि स्त्रियांना राखीव जागा. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात दोन्ही आलं. म्हणजे इंग्लंडमध्ये पाच शिलिंग बापाच्या मालकीचे नकोत म्हणणारी बाई इथे मत नवऱ्याच्या मालमत्तेवर टांगत होती.

त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. प्रौढ मताधिकार सरकार तेव्हा देणार नव्हतंच. मालमत्तेची अट तशीच राहिली असती तर स्त्री मतदार नगण्य राहिल्या असत्या, कारण मालमत्ता त्यांच्या नावावर होतीच कुठे? शिवाय खुद्द इंग्लंडमध्ये १९१८ साली तिशी ओलांडलेल्या स्त्रियांना मत मिळालं, तेही घराचा ताबा स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल तर. पुरुषांच्या बरोबरीचं मत आलं १९२८ मध्ये. आधी पाय ठेवायला जागा मिळवा, मग सरका, हा बाईंचा अनुभव होता. राधाबाई सुब्बरायन यांच्यासारख्या काही भारतीय स्त्रियांनाही राखीव जागा हव्या होत्या. आणि नव्या तरतुदींमुळे सुमारे साठ लाख स्त्रिया मतदार झाल्या, हा आकडा झटकून टाकण्यासारखा नाही. मला खटकते ती तडजोड नव्हे. लिव्हरपूलमध्ये त्यांनी आधी घरोघरचा हिशेब पाहिला आणि मग मागणी ठरवली. इथे मागणी लेखी समोर असताना त्यांनी ती अपरिपक्व ठरवली. तोच सूर पुढे चढत गेला. १९४१ मध्ये युद्धात साथ देत नाही म्हणून त्यांनी भारतीयांना जाहीर पत्रातून सुनावलं, आणि अंथरुणाला खिळलेल्या रवींद्रनाथांना मृत्यूच्या दोन महिने आधी त्याचं उत्तर द्यावं लागलं.

डिसेंबर १९४६ मध्ये, बाईंना जाऊन वर्ष व्हायच्या आत, दिल्लीच्या संविधान सभेत मुंबई प्रांतातून आलेल्या एक सदस्य उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आमच्या संघटनेने राखीव जागा, राखीव प्रमाण, स्वतंत्र मतदारसंघ हे कधीच मागितलेलं नाही. त्या हंसाबेन मेहता. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात. आणि राखीव जागा नाकारण्याचा तो निर्णय पुढच्या पन्नास वर्षांत कितपत टिकला, याविषयीही.