चट्टा पडला म्हणून चुना टाकू नका

मंडळी, आज गवताच्या एका रोगाबद्दल बोलू. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याचा पश्चिम भाग म्हणजे थंड, पावसाळी मुलूख. तिथल्या गोल्फच्या मैदानांवर बेंट नावाचं बारीक गवत असतं. त्यात तांबूस, गोल चट्टे पडतात आणि दरवर्षी रुंदावत जातात. गवत ओढलं की सहज हातात येतं, मुळं काळी पडलेली असतात. गव्हाची मुळं कुजवणारी ‘टेक-ऑल’ बुरशी असते ना, तिचीच ही जवळची नातलग.

आता गवत पिवळं पडलं की माणूस काय करतो? जमीन आंबट झाली असेल म्हणतो आणि चुना टाकतो. पावसाळी भागात हा अंदाज बऱ्याचदा बरोबरही असतो. पण या बुरशीला नेमकं तेच हवं असतं! चुन्यानंतर रोग भडकतो. उलट गंधक आणि अमोनियम सल्फेट दिल्यावर तो दबतो, हे वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात रॉय गॉस आणि चार्ल्स गोल्ड यांनी १९६० च्या दशकात दाखवलं.

असं का होतं? नत्र मूळ दोन रूपांत घेतं. अमोनियम घेतलं की मूळ बाहेर आम्ल सोडतं, नायट्रेट घेतलं की उलटा परिणाम. म्हणजे मुळाला चिकटलेल्या मातीचा सामू बाकीच्या मातीपेक्षा बराच वेगळा असू शकतो. बुरशी राहते ती तिथेच. १९७३ साली स्मायली आणि कुक यांनी गव्हात हेच दाखवलं, की रोगाचं नातं मुळाजवळच्या सामूशी आहे. शिवाय आम्लधर्मी मातीत मॅंगनीज मुळांना मिळतं, आणि मुळांच्या पेशी टणक करायला ते लागतं. सामू वाढला की ते अडकून पडतं.

मघाशी कोणीतरी विचारलं, मग सगळीकडे अमोनियम सल्फेटच टाकायचं का? नाही हो. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला १८५६ पासून गवताच्या वाफ्यांवर प्रयोग चालू आहे. अमोनियम सल्फेट मिळत राहिलेल्या, पण चुना न दिलेल्या वाफ्यांत सामू ४ च्या खाली गेला आणि गवताच्या मोजक्याच जाती टिकल्या. पोआ अॅनुआ या गवतावरचा अँथ्रॅक्नोज तर आम्लधर्मी मातीत वाढतो.

आपल्या ओळखीची हरळी घ्या. थंड प्रदेशात ती हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते, आणि वसंतात जाग येताना तिच्यात मेलेले गोल चट्टे दिसतात. हे करणाऱ्या बुरशा एकाहून अधिक आहेत. अमेरिकेतल्या चाचण्यांत एक अमोनियम सल्फेटनं दबली, दुसरी कॅल्शियम नायट्रेटनं. चट्टे मात्र डोळ्यांना सारखेच! म्हणून आधी मुळांसकट गवताचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवा, सोबत मातीचा सामू तपासून घ्या. खताची गोणी त्यानंतर फोडा. बुरशीनाशकाचं बिल तर त्याहून मोठं येतं.