दोन फुटी रुळांचे कुळ : माथेरानची वाफेची इंजिने

नेरळ-माथेरानच्या गाडीला मराठी प्रवासी ‘मिनी ट्रेन’ म्हणतो आणि बहुधा खेळण्याच्या कौतुकानेच तिच्याकडे पाहतो. परंतु १९०७ पासून १९८२ पर्यंत ज्या वाफेच्या इंजिनांनी ती गाडी डोंगर चढवली, त्यांचे कुळ सहलीचे नाही, खाणीचे आहे. मीरा-भाईंदरच्या माणसाला रोज दिसणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या दोन रुळांमधले अंतर, ज्याला गेज म्हणतात, ते १६७६ मिलिमीटर असते, तर माथेरानच्या रुळांमधले केवळ ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. आणि एवढ्या अरुंद रुळावर वाफेचे इंजिन व्यवहारात चालू शकते, हे प्रथम ठळकपणे सिद्ध झाले ते वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या व्यवसायात.

हा दगड म्हणजे प्रचंड दाबाखाली थर आवळले जाऊन बनलेला खडक असून त्याचे पातळ पत्रे सुटतात, आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या असंख्य घरांची छपरे त्याच पत्र्यांनी शाकारली जात होती. सह्याद्रीचा काळा पाषाण हा थिजलेला लाव्हा असल्यामुळे त्याचे असे पत्रे निघत नाहीत, त्यामुळे सह्याद्रीत हा धंदाच उभा राहिला नाही. वेल्समध्ये मात्र खाणींपासून बंदरापर्यंत दगड नेण्यासाठी १८३६ मध्ये फेस्टिनिऑग रेल्वे सुरू झाली. तिच्यावर भरलेल्या वाघिणी उताराने आपोआप खाली जात आणि रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढून आणत. १८६३ मध्ये तेथे वाफेची इंजिने आली, आणि १८७० मधल्या तिथल्या इंजिनांच्या चाचण्या पाहण्यासाठी देशोदेशीचे अभियंते जमल्यानंतर डोंगराळ मुलखासाठी अरुंद रूळ हा स्वस्त आणि शक्य पर्याय असल्याचे अनेकांना पटले. दार्जिलिंगचा दोन फुटी मार्ग हे त्याच विचाराचे फळ होय.

प्रत्यक्ष खाणीच्या आत राबणारे इंजिन या मार्गांवरच्या इंजिनांहूनही लहान असे. लीड्स शहरातल्या हन्स्लेट कंपनीने १८७० पासून पेन्रिन आणि डिनॉर्विक या दोन मोठ्या खाणींसाठी जी इंजिने बांधली, त्यांना चारच चाके असत, ती चारही चाके इंजिनच फिरवी, आणि पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली असे, जेणेकरून पाण्याचे वजनही चाकांवर पडून त्यांची रुळावरची पकड वाढावी. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापत गेलेल्या खाणीत प्रत्येक पायरीवर वेगळे रूळ आणि वेगळे इंजिन लागे. पुढची आणि मागची चाके एकमेकांच्या इतकी जवळ ठेवण्याचे कारण एकच : खाणीतली वळणे.

माथेरानलाही वळणांचाच प्रश्न होता, पण चार चाकांचे उत्तर पुरेसे नव्हते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये जगापुढे आणलेल्या या गिरिस्थानापर्यंत रेल्वे नेण्याचे काम मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी अंगावर घेतले, सुमारे १६ लाख रुपये खर्चून जवळपास २० किलोमीटरचा मार्ग उभा केला आणि सल्लागार अभियंता म्हणून एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांना नेमले. कॅलथ्रॉप यांचे नाव महाराष्ट्राला आधीच परिचित होते, कारण १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ही त्यांचीच निर्मिती. माथेरानच्या घाटात चढ वीसास एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा होता. एवढा चढ चढण्यासाठी वजनदार इंजिन हवे, हलक्या रुळांना ते सोसावे म्हणून वजन अधिक चाकांवर विभागले जायला हवे, आणि चाके वाढवावीत तर इंजिन वळणात अडकते, असा हा पेच होता.

त्यावर सापडलेला तोडगा या इंजिनांचे खरे वैशिष्ट्य आहे. खाणी, बांधकामे आणि मळे यांसाठी हलवता येणाऱ्या रुळांची व लहान इंजिनांची सामग्री पुरवणाऱ्या बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कंपनीने सहा चाकांची चार इंजिने बांधली, आणि त्यांत क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस वापरले. या पद्धतीत आस दुहेरी असतो. आतला भरीव दांडा इंजिनाच्या चौकटीत पक्का बसून फक्त फिरतो, चाके एकत्र फिरवणाऱ्या बाहेरच्या जोडदांड्यांना तोच जोडलेला असतो. त्याच्याभोवती एक पोकळ नळी असते आणि चाके त्या नळीवर बसवलेली असतात. दांड्याच्या मध्यावर गोळा असून त्यातून आरपार गेलेली खीळ नळीला फिरवते, पण गोळ्यामुळे नळीला थोडे तिरके होता येते आणि बाजूला सरकताही येते. परिणामी मधली चाके जागेवर राहतात, पुढची-मागची चाके वळणाप्रमाणे कलतात, आणि तरीही सहाही चाके ओढण्याचे काम करत राहतात. रचना चतुर आहे यात शंका नाही. मात्र झिजणारा सांधा नळीच्या पोटात दडलेला असल्याने अशा इंजिनाची देखभाल करणाऱ्या फिटरची कसोटी लागते, हेही मान्य केले पाहिजे.

चढणीचा दुसरा परिणाम बॉयलरमध्ये होतो. तीन मीटर लांबीचा बॉयलर वीसास एक चढावर उभा राहिला की त्याच्या एका टोकाला पाणी दुसऱ्या टोकापेक्षा १५ सेंटीमीटर खोल होते, आणि भट्टीचे छत क्षणभर जरी पाण्याबाहेर उघडे पडले तरी पत्रा तापून मऊ होतो व स्फोटाचा धोका उभा राहतो; म्हणून काचेच्या नळीत दिसणारी पाण्याची पातळी चढावर एका अर्थाने वाचायची आणि उतारावर दुसऱ्या, हे चालकाला अंगवळणी पाडावे लागते. उतरताना तर सगळा भार ब्रेकवर असतो. या मार्गावर डब्यांवरचे ब्रेकमन चालकाच्या शिट्टीच्या खुणांनुसार हातब्रेक आवळत आणि सैल करत, त्यामुळे गाडी उतरवणे हे एका माणसाचे नव्हे, तर एका टोळीचे काम होते.

डिझेल इंजिने १९५० च्या दशकात जर्मनीच्याच युंग कंपनीकडून आली, तरी वाफेची इंजिने १९८२ पर्यंत टिकली. ७३८ ते ७४१ हे क्रमांक धारण करणाऱ्या या चौघांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, दोन नेरळ आणि माथेरान येथे चौथऱ्यावर उभी आहेत, आणि ७४० क्रमांकाचे इंजिन परदेशी जाऊन इंग्लंडमधल्या लेटन बझर्डच्या अरुंद रेल्वेपर्यंत पोहोचले. मार्गाने मात्र बरेच सोसले : २००५ च्या जुलैतल्या अतिवृष्टीत रूळ वाहून गेल्यावर तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला, आणि २०१९ च्या पावसानंतर पूर्ण मार्गावर गाडी धावायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला.

दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या रेल्वेमार्गांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा अनुक्रमे १९९९, २००५ आणि २००८ मध्ये मिळाला, आणि फेस्टिनिऑगसह वेल्सच्या खाणप्रदेशाला तो २०२१ मध्ये मिळाला. नेरळ-माथेरानचे नाव मात्र प्रस्तावित वारसास्थळांच्या यादीतच राहिले आहे.