परड्यांतील मातीची भट्टी

दक्षिण कोकणांत आंब्याकाजूची छाटणी झाली, म्हणजे फांद्यांचे ढीग बांधाबांधावर पडतात. त्यांतील जाड लांकूड घरीं येतें. मनगटाहून बारीक अशा काटक्या मात्र जागच्या जागीं पेटवून दिल्या जातात. महसूल खात्यांतील कारकुनीच्या निमित्तानें मी अनेक गांवें हिंडलों व हा व्यर्थ जाणारा विस्तव वर्षानुवर्षें पाहिला. सेवानिवृत्तीनंतर घराच्या परड्यांत पाव भाजण्याची मातीची भट्टी बांधली, तेव्हां त्या काटक्यांचें मोल मला प्रथम कळलें. त्या भट्टीचा तीन वर्षांचा अनुभव, त्यांतील फजितीसुद्धां, शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहें.

ही कल्पना माझी नव्हे. आमच्या सीमेपलीकडे गोव्यांत पाव भाजणाऱ्यास ‘पोदेर’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आला व पावही त्याच वाटेनें आला. कणिक फुगविण्यास पूर्वीं तेथें माडाची सूर घालीत. पोदेराची भट्टी म्हणजे आंत बुटका घुमट, पुढें एकच दार, आणि आंत-बाहेर करावयास लांब दांड्याची लांकडी फळी. उंडे, काकणें, कोंड्याची पोई हीं सर्व त्याच घुमटाखालीं भाजून निघतात.

चूल आणि भट्टी यांतील भेद प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे. तो न घेतल्यामुळेंच माझें पहिलें वर्ष फुकट गेलें. चुलीवर भांड्याखालीं जाळ असेतोंच पदार्थ शिजतो. भट्टींत पदार्थ जातो, त्या वेळीं जाळ संपलेला असतो. दोन-अडीच तास जळलेल्या लांकडांची उष्णता तळाच्या विटांनीं व घुमटाच्या मातीनें पिऊन ठेविलेली असते, आणि तीच पुढें सावकाश परत मिळते. म्हणजे आपण पाव तापवीत नाहीं, माती तापवितों. ही माती तापविण्याचा खर्च आंत एक पाव ठेविला तरी तेवढाच, व चाळीस ठेविले तरी तेवढाच. यांतून जो हिशेब निघतो, तो पुढें सांगेन.

बांधणीस दिवाळीनंतरचे कोरडे दिवस धरावेत. जांभ्या चिऱ्यांचा अडीच फूट उंच ओटा रचून आंत दगडगोटे भरावेत. तळाची उष्णता खालीं ओट्यांत उतरूं नये म्हणून गोव्याकडे फुटकी काच व मीठ पसरण्याची चाल आहे. मीं काच घातली. मीठ घातलें नाहीं. त्यावर दोन इंच वाळू सपाट करून भाजक्या विटा चुन्या-सिमेंटाशिवाय नुसत्या एकमेकींस भिडवून बसवाव्या. तापल्यावर विटा किंचित् वाढतात. त्यांस हालावयास जागा हवी.

घुमटासाठीं चिकट माती एक भाग व जाड वाळू दोन ते तीन भाग. माती मीं ओस पडलेल्या वारुळाची आणली. वाळू किती घालावी हें मातीवर अवलंबून आहे. परीक्षा सोपी आहे. मुठीएवढा गोळा कमरेच्या उंचीवरून जमिनीवर सोडावा. तो चपटा होऊन पसरला तर पाणी अधिक झालें. फुटून विस्कटला तर पाणी किंवा चिकट माती कमी पडली. विटांवर ओल्या वाळूचा घुमटाकार ढीग करून त्यावर भिजलेलीं वर्तमानपत्रें चिकटवावीं आणि बाहेरून चार इंच जाडीचा मातीचा थर पायथ्यापासून वर चढवीत न्यावा. थर घट्ट झाल्यावर, दोन-तीन दिवसांनीं, दार कापून वाळू बाहेर ओढावी. कागद हातास लागला कीं वाळू संपली असें समजावें. यावर पातळ चिकट मातींत भाताचें तूस कालवून आणखी चार इंचांचा लेप द्यावा. हें भट्टीचें पांघरूण होय. तें नसेल तर उष्णता तासाभरांत वाऱ्यावर जाते.

माझ्या भट्टीचा आंतील व्यास तीन फूट, मधली उंची अठरा इंच व दाराची उंची अकरा इंच आहे. दाराची उंची घुमटाच्या आंतील उंचीच्या शेंकडा ६० ते ६५ असावी, हा नियम सोडूं नये. भट्टीला धुराडें नाहीं; दाराच्या खालच्या अंगानें हवा आंत शिरते व वरच्या अंगानें धूर बाहेर पडतो. दार बुटकें झालें तर जाळ गुदमरतो, उंच झालें तर ऊब टिकत नाहीं. वर छप्पर अवश्य पाहिजे. आमच्याकडे पावसाळ्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. उघड्या मातीचा एका आषाढांत चिखल होतो.

आतां फजितीची हकीकत. पहिली भट्टी पुरी झाली आणि नेमकी कन्येच्या सासरची मंडळी यावयाची ठरली. त्यांस घरचा पाव खाऊं घालावा अशी मला हौस. नवव्या दिवशीं मीं भरपूर लांकूड घालून जाळ केला. प्रथम बाहेरच्या लेपांतून वाफ निघूं लागली. ती मला शुभचिन्ह वाटली. मग दारापासून माथ्यापर्यंत बोट शिरेल एवढी भेग पडली. तरीहि मीं हट्टानें विस्तव ओढून पाव आंत सारले, आणि घुमटाची एक खपली त्यांवरच येऊन पडली. सौभाग्यवती पदर खोचून आल्या व म्हणाल्या, “अहो, नव्या चुलीलासुद्धां आम्ही पंधरा दिवस पेटवीत नाहीं. एवढा डोंगर नऊ दिवसांत वाळला असें आपल्याला कोणीं सांगितलें?” त्या दिवशीं पाहुण्यांनीं घावन व नारळाचा रस खाल्ला, तो चुलीवरचा. मी जेवतांना फारसें बोललों नाहीं.

आमच्या वाडींत मातीच्या चुली घालणारी एक वृद्ध आजी आहे. तिला मीं भट्टी दाखविली. तिनें भेगेंत बोट घातलें, माती चुरून पाहिली आणि आंत अजून ओल आहे एवढेंच म्हणून ती निघून गेली. मातीच्या पोटांतील पाण्याची एकदम वाफ झाली व तिनें वाट फोडली, हें मग मला उमगलें. घुमट पाडला. माती पक्की भाजली नव्हती, त्यामुळें भिजवितांच पुन्हां कामास आली. दुसऱ्या खेपेस चार आठवडे सावलींत वाळूं दिलें. नंतर सात दिवस रोज थोडा थोडा वाढता जाळ केला. केसाएवढ्या भेगा तरीहि पडल्या. त्यांची चिंता करूं नये. मोठी भेग पडलीच, तर ती आधीं कोरून रुंद करावी, पाण्यानें भिजवावी आणि मग भरावी. वरवर लिंपलेली टिकत नाहीं.

भट्टी पेटविल्यावर घुमट आंतून काजळीनें काळा होतो. जाळ चालूच ठेवला म्हणजे ती काजळी जळून जाते व घुमट पांढरट दिसूं लागतो. हीच भट्टी तयार झाल्याची खूण. मग निखारे ओढून काढावेत, ओल्या गोणपाटाच्या बोळ्यानें तळ पुसावा आणि दार लावून अर्धा तास थांबावें, म्हणजे उष्णता सर्वत्र सारखी होते. चिमूटभर पीठ तळावर टाकावें. तत्काळ काळें पडलें तर अजून थांबावें, सावकाश तांबूस झालें तर पाव सारावेत. काजूच्या बियांचीं टरफलें मात्र सरपणांत कदापि घालूं नयेत; त्यांतील तेल अंगावर फोड उठविणारें असून त्याचा धूरहि जाचक असतो. रंग दिलेलें लांकूडहि वर्ज्य.

पुढचा क्रम उतरत्या उष्णतेचा. प्रथम पोई, मग पाव; त्यांमागून केळीच्या पानांत गुंडाळलेले बांगडे, वांगीं व रताळीं. रात्रीं भिजलेल्या काळ्या वाटाण्यांचें मडकें आंत ठेवून दाराच्या फटी मातीनें बुजवाव्या. सकाळीं वाटाणे बोटानें दाबले असतां लोण्यासारखे लागतात. चुलीवर ही गोडी मीं कधीं अनुभविली नाहीं.

आतां हिशेब. कारकुनाची संवय म्हणून लांकूड वजन करून वहींत टिपून ठेवितों. गार भट्टीस २२ किलो लांकूड लागतें. लागोपाठ दुसऱ्या दिवशीं पेटविली तर सुमारें १४ किलो पुरतें. माझ्या घरीं बारा पावांची गरज. बारा पावांसाठीं २२ किलो, म्हणजे पावागणिक जवळजवळ दोन किलो लांकूड. हा तर उधळेपणा झाला. तेंच चाळीसाचे दोन घाणे काढले तर पावामागें २७५ ग्रॅम पडतें. पोदेर रोज भट्टी पेटवितो व गांवभर पाव घालतो म्हणूनच त्यास ती परवडते. ज्याच्या घरीं दोन माणसें व गॅसची शेगडी आहे, त्यानें केवळ हौसेखातर भट्टी बांधूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

म्हणून आतां शनिवारीं चार घरें मिळून भट्टी पेटवितों. प्रत्येकानें छाटणीच्या काटक्यांचा एक भारा आणावा, असें ठरलें. पहिल्याच महिन्यांत कुरबुर झाली. एका घरचा भारा ताज्या तोडीचा होता. हिरव्या लांकडाच्या वजनाचा सुमारें निम्मा भाग पाणीच असतें, व तें आटविण्यांतच जाळाचा जोर खर्ची पडतो. त्या दिवशीं पाव पांढरे व चिवट निघाले आणि दोष सर्वांच्या वांट्यास आला. तेव्हांपासून फाल्गुनांत सर्वांचे भारे माझ्या मांगरांत, ज्याच्या त्याच्या दोरीनें बांधून, वाळत पडतात.

गेल्या मे महिन्यांत वळवाच्या सरी लवकर आल्या व अर्धवट वाळलेलीं कोकमाचीं सालें बुरशीच्या पंथास लागलीं. रविवारीं सकाळीं भट्टींत हात सहज ठेववेल इतकी ऊब होती. सुपांत पसरून तीं आंत ठेविलीं. पहिलें सूप उकडल्यासारखें झालें, कारण दार मीं घट्ट लाविलें होतें व ओलाव्यास वाट नव्हती. दुसऱ्या खेपेस चार बोटें फट ठेविली आणि सायंकाळपर्यंत आमसुलें उत्तम वाळलीं. शेजारच्या वहिनींनीं तीं चाखून पाहिलीं, आणि पुढच्या रविवारची पाळी आपली, असें सांगून दोन जास्तीचे भारे त्याच रात्रीं मांगरांत आणून टाकले.