जुने लेथ यंत्र घेताना

चेन्नई शहराच्या वायव्येस अंबत्तूर नावाची मोठी औद्योगिक वसाहत आहे. १९६०च्या दशकात ती उभी राहिली. त्याआधी, १९५८ साली, शहराच्या दक्षिण भागात गिंडी येथे अशीच एक वसाहत सुरू झाली होती. या दोन्ही ठिकाणी असंख्य छोटे कारखाने आहेत. त्यांत काम करणाऱ्या कारागिरांपैकी अनेकांच्या मनात एकच इच्छा असते : आपले स्वतःचे एक यंत्र असावे. नवे लेथ यंत्र घेण्याइतके पैसे बहुधा जवळ नसतात. म्हणून जुने यंत्र शोधले जाते. या एका खरेदीत अनेक वर्षांची बचत खर्ची पडते. म्हणूनच जुने यंत्र पारखावे कसे आणि दुरुस्त करावे कसे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

लेथवर लोखंडाचा तुकडा फिरत राहतो आणि स्थिर धरलेले धारदार हत्यार त्याचा कीस काढते. लाकडी पोळपाट-लाटणी, पाळण्याचे खांब घडवणारे कातारी आपल्याकडे पूर्वापार हेच करीत आले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत टर्नरच्या व्यवसायाला मराठीत ‘कातारी’ असेच नाव आहे. यंत्राचे मुख्य भाग चार. खाली लांब बिडाचा बेड. डाव्या हाताला स्पिंडल आणि गिअर असलेला हेडस्टॉक. उजव्या टोकाला आधार देणारा टेलस्टॉक. आणि या दोहोंच्या मध्ये बेडवरून सरकणारे, हत्यार वाहून नेणारे कॅरेज. स्पिंडलच्या टोकाला बसवलेला चक काम घट्ट पकडतो.

दक्षिण भारतातील जुन्या यंत्रांत एक नाव वारंवार आढळते, ते किर्लोस्कर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली, हे आपण जाणतोच. पुढे १९४१ साली तुंगभद्रेच्या काठी हरिहर येथे ‘म्हैसूर किर्लोस्कर’ हा कारखाना निघाला आणि तेथून लेथ यंत्रे देशभर गेली. ‘एंटरप्राइझ’ आणि ‘टर्नमास्टर’ ही त्यांची नावे जुन्या कारागिरांच्या आजही तोंडी आहेत. १९५३ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या एच.एम.टी.ची यंत्रेही तितकीच नावाजली. हरिहरचा तो कारखाना आता बंद आहे. त्यामुळे तेथील यंत्र घेतल्यास सुटे भाग बहुधा दुसऱ्या यंत्रावरून मिळवावे लागतात किंवा घडवून घ्यावे लागतात. तरीही चांगले बीड आणि भक्कम बांधणी असलेले यंत्र पन्नास वर्षांनंतरही अचूक काम देऊ शकते.

यंत्र पाहायला गेल्यावर रंगाकडे लक्ष देऊ नये. विक्रीला काढलेल्या यंत्राला हिरवा रंग फासणे सर्वांत स्वस्त असते. आधी बेड पाहावा. बहुतेक कामे चकाजवळच होतात, म्हणून बेडची झीजही तेथेच अधिक होते. ती ओळखण्याची साधी रीत अशी : कॅरेज चकाजवळ आणून त्याच्या पट्ट्या इतक्या आवळाव्यात, की ते जेमतेम सरकेल. मग ते टेलस्टॉककडे न्यावे. वाटेत अडकले, तर चकाजवळचा भाग झिजलेला आहे, हे नक्की. वरचा गंज घासून काढता येतो. झिजलेले बीड मात्र भरून येत नाही.

त्यानंतर स्पिंडल. त्यावर डायल गेज लावून चकाखाली लाकडी दांडा घालावा आणि हलकेच उचलून पाहावे. काटा दोन-तीन शतांश मिलिमीटर हलला, तर बेअरिंग आवळून काम भागण्याची शक्यता असते. त्याहून बराच अधिक हलला, तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. यंत्र अर्धा तास चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. हेडस्टॉक हाताला फार तापला किंवा गिअर ठराविक लयीत खटखटू लागले, तर दात तुटला असण्याचा संभव आहे. ‘वीज नाही, नंतर दाखवतो’ हे उत्तर ऐकल्यास आपणही पैसे नंतरच द्यावेत.

चेन्नईत आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे पूर. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीचे पाणी गिंडीच्या परिसरात शिरले. अंबत्तूरही जलमय झाले. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने या वसाहतींत पुन्हा पाणी भरले. अनेक छोट्या कारखानदारांची यंत्रे दिवसेंदिवस पाण्यात उभी राहिली. अशी यंत्रे वाईटच असतात असे नाही. वेळीच उघडून, पुसून, तेल घातलेली यंत्रे वाचलीही. परंतु खरेदीदाराला हे आधी कळले पाहिजे. हेडस्टॉकमधील तेल दुधासारखे दिसते का, कॅरेजच्या पुढच्या पेटीत गाळ साचला आहे का, विजेच्या कपाटात आतून पाण्याची रेघ उमटली आहे का, हे टॉर्च लावून पाहावे. भिजलेली मोटर जाणत्या वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय तिला वीज जोडू नये.

जुन्या यंत्रांची मापे बहुधा इंचात असतात. भारताने मेट्रिक पद्धती १९५६च्या कायद्याने स्वीकारली, तरी कारखान्यांत इंच पुष्कळ काळ टिकला. समजा, लीड स्क्रूला इंचाला चार आटे आहेत. म्हणजे एका आट्याचे अंतर ६.३५ मिलिमीटर झाले. त्यावर २ मिलिमीटरचा आटा पाडायचा, तर २ भागिले ६.३५, म्हणजेच ४० भागिले १२७ हे गुणोत्तर लागते. १२७ ही मूळ संख्या आहे. तिचे आणखी तुकडे पडत नाहीत. म्हणून १२७ दातांचा गिअर सोबत असेल, तर अशा यंत्रावर मेट्रिक आटा अगदी बिनचूक पडतो. तो नसेल, तर जवळपासच्या गुणोत्तरावर भागवावे लागते. यंत्राबरोबर गिअरचा पूर्ण संच मागून घ्यावा आणि प्रत्येक गिअरचे दात मोजावेत. शाळेतले मूळ संख्यांचे गणित येथे थेट रुपयांत उतरते.

यंत्र घरी आल्यावर सुटे करण्यापूर्वी प्रत्येक बाजूने छायाचित्रे घ्यावीत. काढलेले बोल्ट त्याच क्रमाने डब्यांत ठेवावेत. केरोसिनने जुने तेल व कीस धुऊन काढावा. त्या वेळी जवळपास विडी-काडी असू नये. समुद्राच्या खाऱ्या हवेने चढलेला गंज छोट्या भागांवरून काढण्यासाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेचा सौम्य प्रवाह सोडण्याची रीत उपयोगी पडते. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला जोडतात. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हे काम उघड्यावरच करावे. स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरू नये. तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते.

बेड फार झिजला असेल, तर तो ग्राइंडिंग करून सपाट करता येतो. परंतु जितके बीड घासले, तितके कॅरेज खाली बसते. मग लीड स्क्रूशी त्याची रेषा जुळत नाही आणि टेलस्टॉकचीही उंची भरून काढावी लागते. हा खर्च आधी विचारून घ्यावा. किरकोळ उंचवटे मात्र कुशल कारागीर निळा रंग लावून, हाताने खरवडून काढतो. हे काम पाहण्याची संधी मिळाली, तर सोडू नये.

शेवटी यंत्र पक्क्या जमिनीवर ठेवून स्पिरिट लेव्हलने समतल करावे. बेडला किंचित पीळ राहिला, तरी काम निमुळते होते. याची परीक्षा अशी : एक जाड सळई टेलस्टॉकचा आधार न देता चकात धरावी, सुमारे १५० मिलिमीटर लांबी हलक्या हाताने कातावी आणि दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजावीत. बाहेरचे टोक जाड भरले, तर टेलस्टॉककडील पुढचा पाय पातळ पत्रा घालून किंचित उचलावा. बारीक भरले, तर मागचा. मग पुन्हा कातावे, पुन्हा मोजावे. दोन टोकांतील फरक एक-दोन शतांश मिलिमीटरवर येईपर्यंत हे करीत राहावे लागते, आणि त्यात एक अख्खा दिवस सहज जातो.