एका जिल्ह्यात दोन हवामाने : सांगली

सांगली म्हटले की गणपती मंदिर, हळदीचा बाजार आणि नाट्यपंढरी एवढेच बाहेरच्यांना आठवते. जिल्हा समजून घ्यायचा तर शहर सोडून पश्चिमेकडून पूर्वेकडे निघावे. शिराळ्यातून जतला पोचेपर्यंत एका दिवसात भातखाचरे मागे पडतात, उसाचे फड संपतात आणि बाभळी व माळरान सुरू होते.

1 ऑगस्ट 1949 रोजी हा जिल्हा ‘दक्षिण सातारा’ नावाने अस्तित्वात आला. जुन्या साताऱ्याचे तासगाव, खानापूर, वाळवा हे भाग आणि सांगली, मिरज, जत, औंध या संस्थानांचे मुलूख त्यात एकत्र झाले. ‘सांगली’ हे नाव 1960 साली मिळाले. क्षेत्रफळ सुमारे 8,572 चौरस किलोमीटर, तालुके दहा आणि 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 28 लाख 22 हजार.

पश्चिम टोकाला सह्याद्री आहे. वारणेवरच्या चांदोली धरणात 34.40 टीएमसी पाणी मावते. भोवतालचे जंगल 2004 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. ही वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते. 1929 साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेले की इशारा आणि 45 फुटांवर गेले की धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असते. ऑगस्ट 2019 मध्ये ते 57 फुटांच्याही वर गेले आणि निम्मे शहर बुडाले.

त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला जत, आटपाडी आणि कवठेमहांकाळ हे पर्जन्यछायेचे तालुके. आटपाडीची माण नदी कृष्णेकडे न येता भीमेला जाते. खिलार बैल, मेंढरे आणि ज्वारी यांवर हा माणदेश जगला. दुष्काळाला कंटाळून विटा-आटपाडीकडची माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. जतच्या सीमेवरच्या गावांत मराठीइतकीच कन्नड कानावर पडते.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचे दुखणे याच जातीचे. तिथले बहुतेक पाणी अँडीज पर्वताच्या पूर्वेला ॲमेझॉनकडे वाहते, तर निम्म्याहून अधिक लोक पश्चिमेच्या कोरड्या किनारपट्टीवर राहतात. ओल्मोस येथे सुमारे 20 किलोमीटरचा बोगदा खोदून पूर्वेचे पाणी वाळवंटात आणले गेले. किनाऱ्यावरच्या अशाच सिंचनाच्या जोरावर पेरू आज ताज्या द्राक्षांच्या निर्यातीत जगात आघाडीवर आहे.

सांगलीत मात्र पाणी चढावर न्यावे लागते. म्हैसाळ, ताकारी आणि टेंभू या उपसा योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून पूर्वेकडे ढकलतात. त्या पाण्यावर आटपाडीत डाळिंब उभे राहिले आणि जतपर्यंत द्राक्षबागा पोचल्या. ‘तास-ए-गणेश’ हा द्राक्षाचा वाण तासगावचाच. बागेतला माल पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांच्या कप्प्यांवर पसरतात. साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. त्यासाठी लागते कोरडी हवा, आणि ती पूर्व भागाकडे मुबलक आहे. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

एप्रिल 2016 मध्ये लातूरला पाणी घेऊन धावलेली रेल्वे मिरजेहूनच सुटली होती. त्या काळात जतची गावे मात्र टँकरची वाट बघत होती. पाणी जिल्ह्यात आहे, पण ते चढवायला वीज लागते आणि विजेचे बिल थकले की आवर्तन लांबते. म्हणून सांगलीच्या कुठल्याही विकास आराखड्याची परीक्षा नदीकाठच्या शहरात करू नये. जतच्या शेवटच्या गावात पाणी पोचते की नाही, तेवढे बघावे.