रॉबिन्सन, एडी
(१३ फेब्रुवारी १९१९ – ३ एप्रिल २००७). अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा ख्यातनाम कृष्णवर्णीय प्रशिक्षक. संपूर्ण नाव एडी गे रॉबिन्सन. लुइझिॲना राज्यातील ग्रॅम्ब्लिंग येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात तो १९४१ पासून १९९७ पर्यंत फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक होता. त्याच्या संघांनी एकूण ५८८ सामन्यांपैकी ४०८ सामने जिंकले, १६५ गमावले आणि १५ बरोबरीत सोडविले. ४०० विजयांचा टप्पा ओलांडणारा तो महाविद्यालयीन फुटबॉलमधील पहिला प्रशिक्षक होय. तथापि त्याचे महत्त्व केवळ या आकड्यांत नाही. ज्या व्यवसायात लहान संस्थेतून मोठ्या संस्थेत जाणे म्हणजे उत्कर्ष, असे मानले जाते, त्या व्यवसायात एकाच लहान संस्थेत राहून त्याने त्या संस्थेलाच राष्ट्रीय कीर्ती मिळवून दिली. असे एकाच जागी राहणे हा काही अंशी त्याचा स्वतःचा निर्णय होता. काही अंशी ते वर्णभेदाने त्याच्यावर लादलेले होते.

प्रशिक्षकाचा व्यवसाय : अमेरिकन फुटबॉल हा खेळ आपल्याकडील फुटबॉलहून अगदी वेगळा आहे. यात प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात व लंबगोल चेंडू हातात घेऊन धावता येते किंवा फेकता येतो. मैदानाची लांबी दोन्ही गोलरेषांच्या दरम्यान १०० यार्ड (सु. ९१ मी.) असते. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो व पुढील चाल आधी ठरविलेल्या व्यूहानुसार खेळली जाते. त्यामुळे मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला या खेळात असाधारण महत्त्व आहे. व्यूहाची अंमलबजावणी क्वार्टरबॅक हा खेळाडू करतो. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो व तो कोणाकडे द्यावयाचा किंवा फेकावयाचा, याचा निर्णय त्याला क्षणार्धात घ्यावा लागतो.

अमेरिकेतील विद्यापीठांना या खेळातून पैसा व प्रसिद्धी दोन्ही मिळत असल्याने प्रशिक्षकपदाची एक निश्चित चढण तयार झाली आहे. खेळाडू म्हणून कारकीर्द संपल्यावर तरुण प्रथम साहाय्यक होतो. नंतर आघाडीच्या वा बचावाच्या फळीचे शिक्षण त्याच्याकडे येते. पुढे एखाद्या लहान महाविद्यालयाचे मुख्य प्रशिक्षकपद आणि तेथे यश मिळाल्यास मोठ्या विद्यापीठाचे निमंत्रण, असा हा क्रम असतो. पॉल ‘बेअर’ ब्रायंट याची कारकीर्द या क्रमाचा नमुना म्हणता येईल. अनेक वर्षे साहाय्यक म्हणून काम केल्यावर तो १९४५ मध्ये मेरिलंड विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक झाला आणि तेथून केंटकी, टेक्सस ए. अँड एम. व अखेरीस १९५८ मध्ये ॲलाबॅमा येथे गेला. रॉबिन्सन हा ब्रायंटचा समकालीन. मात्र ही चढण त्याला जन्मतःच बंद होती. दक्षिणेकडील राज्यांत शाळा, महाविद्यालये, उपाहारगृहे, वसतिगृहे अशा सर्व ठिकाणी गोऱ्यांची व कृष्णवर्णीयांची व्यवस्था कायद्याने पृथक् ठेवलेली होती. कृष्णवर्णीय प्रशिक्षकाला केवळ कृष्णवर्णीयांच्याच संस्थेत काम मिळे.

पूर्वायुष्य : रॉबिन्सनचा जन्म लुइझिॲनातील जॅक्सन या गावी झाला. त्याचे वडील दुसऱ्याची जमीन बटाईने कसत व आई घरकाम करी. पुढे हे कुटुंब बॅटन रूझ या राजधानीच्या शहरी आले. शाळकरी वयातच एका माध्यमिक शाळेच्या प्रशिक्षकाचा रुबाब व त्याच्याविषयी मुलांना वाटणारा आदर पाहून आपणही प्रशिक्षक व्हावयाचे, असे त्याने ठरविले. मॅकिन्ली हायस्कूलमधून १९३७ मध्ये उत्तीर्ण झाल्यावर तो लेलँड या बॅप्टिस्ट पंथीयांच्या महाविद्यालयात दाखल झाला व तेथे क्वार्टरबॅक म्हणून खेळला. तेथील प्रशिक्षक रूबेन टर्नर हा धर्मोपदेशकही होता. चाली कागदावर आखून त्यांचा पद्धतशीर अभ्यास कसा करावा, हे रॉबिन्सन त्याच्याकडून शिकला. १९४१ मध्ये पदवी मिळाली, परंतु तिला साजेसे काम मिळेना; तेव्हा बॅटन रूझमधील जनावरांचे खाद्य तयार करणाऱ्या गिरणीत तो ताशी २५ सेंट मजुरीवर काम करू लागला. याच वर्षी त्याचा डोरिस मॉट हिच्याशी विवाह झाला. पुढे नोकरी सांभाळून त्याने १९५४ मध्ये आयोवा विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी संपादन केली.

ग्रॅम्ब्लिंगमधील प्रारंभ : लुइझिॲनाच्या उत्तर भागातील ग्रॅम्ब्लिंगची संस्था १९०१ मध्ये कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या मुलांना शेती व उद्योग यांचे शिक्षण देण्यासाठी निघाली. १९४१ मध्ये तिचे अध्यक्ष राल्फ वॉल्डो एमर्सन जोन्स यांनी रॉबिन्सनची प्रशिक्षक म्हणून नेमणूक केली. जोन्स हे स्वतःच संस्थेच्या बेसबॉल संघालाही शिकवीत. यावरून संस्थेच्या तुटपुंज्या साधनांची कल्पना येते. रॉबिन्सनचे वय तेव्हा बावीस वर्षांचे होते व मासिक वेतन ६३ डॉलर ७५ सेंट होते. हाताखाली साहाय्यक नव्हता, मैदानाची निगा राखणारा नोकर नव्हता की दुखापतींवर उपचार करणारा माणूस नव्हता. मैदानावरील गवत कापणे, त्यावर चुन्याच्या रेषा आखणे, खेळाडूंच्या पायांना पट्ट्या बांधणे आणि सामन्याचा वृत्तांत लिहून वर्तमानपत्रांकडे पाठविणे, ही सर्व कामे तो स्वतः करी. परगावी जाताना संघासाठी सँडविचेस बरोबर न्यावी लागत, कारण वाटेतील गोऱ्यांच्या उपाहारगृहांत या खेळाडूंना प्रवेश नसे.

पहिल्या हंगामात संघाने तीन सामने जिंकले व पाच गमावले. दुसऱ्या वर्षी, १९४२ मध्ये, त्याने नऊपैकी नऊ सामने जिंकले आणि संपूर्ण हंगामात प्रतिपक्षाला एकही गुण मिळू दिला नाही. त्यानंतर महायुद्धामुळे १९४३ व १९४४ मध्ये महाविद्यालयाचा खेळ बंद राहिला. या अवधीत रॉबिन्सनने ग्रॅम्ब्लिंगच्या माध्यमिक शाळेच्या संघाला शिकविले. तेथील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. कापूस वेचणीचा हंगाम आल्यामुळे एका शेतकऱ्याने संघात असलेल्या आपल्या मुलांना घरी ठेवून घेतले. तेव्हा रॉबिन्सन उरलेला संघ घेऊन त्याच्या शेतावर गेला आणि सर्वांनी मिळून कापूस वेचून दिला. मुले परत आली व संघाने त्या वर्षीचे अजिंक्यपद मिळविले. खेळ आणि खेळाडूंचे दारिद्र्य यांचा संबंध त्याने किती जवळून ओळखला होता, हे यावरून दिसते.

व्यावसायिक फुटबॉलचे द्वार : १९३४ ते १९४५ या काळात नॅशनल फुटबॉल लीग या व्यावसायिक संघटनेच्या कोणत्याही संघात कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४६ मध्ये ही बंदी मोडली, तरी कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतून कोणीच घेतला जात नसे. तेथील खेळाचा दर्जा कमी असतो, हा समज त्यामागे होता. १९४९ मध्ये रॉबिन्सनचा शिष्य पॉल ‘टँक’ यंगर याला लॉस अँजेल्स रॅम्स या संघाने घेतले. अशा महाविद्यालयातून नॅशनल फुटबॉल लीगमध्ये गेलेला तो पहिला खेळाडू. तो अपयशी ठरला, तर आमच्यातील सर्वोत्तम खेळाडूही टिकत नाही असे म्हणून पुढच्यांना दार बंद होईल, याची जाणीव रॉबिन्सनने त्याला करून दिली होती. यंगर दहा हंगाम खेळला व त्याच्यामागून ग्रॅम्ब्लिंगचे खेळाडू एकसारखे येऊ लागले. बक ब्यूकॅनन हा १९६३ च्या अमेरिकन फुटबॉल लीगच्या निवडीत सर्वप्रथम निवडला गेला. ब्यूकॅनन, विली डेव्हिस, विली ब्राउन व चार्ली जॉइनर या चौघांचा व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात पुढे समावेश झाला. रॉबिन्सनच्या हाताखालून गेलेल्या दोनशेहून अधिक खेळाडूंनी व्यावसायिक संघांत स्थान मिळविले.

यानंतरही एक अडथळा शिल्लक होता. कृष्णवर्णीय खेळाडू धावण्यात व अडविण्यात तरबेज असतो. परंतु क्वार्टरबॅकला लागणारी निर्णयशक्ती व नेतृत्व त्याच्याजवळ नसते, असा पूर्वग्रह रूढ होता. महाविद्यालयात क्वार्टरबॅक असलेल्या कृष्णवर्णीय तरुणाला व्यावसायिक संघ दुसऱ्या जागेवर खेळावयास लावीत. रॉबिन्सनने हा पूर्वग्रह मोडण्यासाठी जेम्स हॅरिस याला हेतुतः तयार केले व जागा बदलण्यास संमती देऊ नकोस, असे त्याला बजावले. हॅरिस १९६९ मध्ये बफालो बिल्स संघात गेला आणि हंगामाच्या पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उतरला. १९७४ मध्ये त्याने रॅम्स संघाला बाद फेरीतील सामना जिंकून दिला. या प्रयत्नांची परिणती ३१ जानेवारी १९८८ रोजी झाली. त्या दिवशी सॅन डिएगो येथे झालेल्या सुपर बोल या अजिंक्यपदाच्या सामन्यात वॉशिंग्टनने डेन्व्हरचा ४२–१० असा पराभव केला. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक डग विल्यम्स हा ग्रॅम्ब्लिंगचा खेळाडू होता. दुसऱ्या पादात चार टचडाउन मिळवून देणारे चेंडू त्याने फेकले व सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. सुपर बोल जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक होय.

शिक्षणविषयक दृष्टी : व्यावसायिक खेळाडू होण्याचे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येते; म्हणून बाकीच्यांना पदवी मिळालीच पाहिजे, असा रॉबिन्सनचा आग्रह होता. पहाटे हातात घंटा घेऊन तो वसतिगृहातून फिरे व खेळाडूंना वर्गात जाण्यासाठी उठवी. कोट-टाय घालून प्रवास करणे, जेवणाच्या मेजावरील शिष्टाचार, मुलाखतीतील संभाषण या गोष्टीही तो शिकवी. परंतु फुटबॉलच्या कीर्तीमुळे संस्थेवर टीकाही झाली. १९६७ मध्ये ग्रॅम्ब्लिंगच्या विद्यार्थ्यांनी मोठी निदर्शने केली. संस्थेचे लक्ष खेळाकडे अधिक व अभ्यासक्रमाकडे कमी आहे, अशी त्यांची तक्रार होती. दुसरीकडे, याच कीर्तीमुळे एका खेडेवजा गावातील महाविद्यालय सर्व देशाला माहीत झाले, हेही खरे. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर मॉर्गन स्टेटविरुद्ध झालेल्या सामन्यास साठ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. तो सामना ग्रॅम्ब्लिंगने ७–९ असा गमावला. १९७६ मध्ये हे दोन संघ जपानमध्ये टोकिओ येथे खेळले. १९७४ मध्ये संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

एकीकरणाचा परिणाम : ज्या समतेसाठी रॉबिन्सनच्या पिढीने कष्ट घेतले, तिच्या आगमनाने त्याच्याच संघाचे बळ घटले. १९७० नंतर दक्षिणेतील मोठ्या विद्यापीठांनी आपल्या संघांत कृष्णवर्णीयांना घेण्यास सुरुवात केली. त्यांची भव्य क्रीडागारे, दूरचित्रवाणीवरील प्रसिद्धी व शिष्यवृत्त्या यांपुढे लहान महाविद्यालयांचा टिकाव लागणे कठीण झाले. पूर्वी जो तरुण नाइलाजाने ग्रॅम्ब्लिंगला आला असता, तो आता ॲलाबॅमा किंवा लुइझिॲना राज्य विद्यापीठात जाऊ लागला. खेळाडूंना ही दारे जितक्या लवकर खुली झाली, तितकी ती प्रशिक्षकांना झाली नाहीत. फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीतील, मुख्यतः गोऱ्यांच्या विद्यापीठात कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक नेमला गेला तो १९७९ मध्ये (विली जेफ्रीझ, विचिटॉ स्टेट). दक्षिणेतील प्रमुख विद्यापीठांच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्स या गटात तर सिल्व्हेस्टर क्रूम याच्या रूपाने पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक २००४ च्या हंगामात मैदानावर आला. तोवर रॉबिन्सन निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती.

विक्रम व अखेर : ५ ऑक्टोबर १९८५ रोजी डॅलस येथे प्रेअरी व्ह्यू संघाचा पराभव करून रॉबिन्सनने ३२४ वा विजय मिळविला व ब्रायंटचा ३२३ विजयांचा विक्रम मोडला. दोघांचे प्रतिस्पर्धी भिन्न श्रेणींतील असल्याने ही तुलना योग्य नाही, असा आक्षेप त्या वेळी घेण्यात आला. मात्र कृष्णवर्णीयांच्या संघांशीच सामने खेळणे हे दीर्घकाळ रॉबिन्सनने निवडलेले नव्हते, हे या आक्षेपात लक्षात घेतलेले नाही. १९९५ मध्ये त्याने ४०० वा विजय मिळविला. त्यानंतर संघाची कामगिरी खालावली आणि त्याच्यावर निवृत्तीसाठी दडपण येऊ लागले. अखेरीस त्याला १९९७ चा हंगाम पूर्ण करू देण्यात आला. याच वर्षी महाविद्यालयीन फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याची निवड झाली. त्याच्या संघांनी १७ वेळा साउथवेस्टर्न ॲथ्लेटिक कॉन्फरन्सचे विजेतेपद व नऊ वेळा कृष्णवर्णीय महाविद्यालयांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्याच्या जागी १९९८ मध्ये डग विल्यम्स आला. ४०८ विजयांचा त्याचा विक्रम पुढे २००३ मध्ये तिसऱ्या श्रेणीतील सेंट जॉन्सचा (मिनेसोटा) प्रशिक्षक जॉन गॅग्लिआर्डी याने मागे टाकला.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत रॉबिन्सनला अल्झायमर हा स्मृतिनाशाचा विकार जडला. असंख्य चाली ज्याला मुखोद्गत होत्या, त्याला त्यांचे स्मरण राहिले नाही. लुइझिॲनातील रस्टन येथे त्याचे निधन झाले. बॅटन रूझ येथील ज्या शहरात त्याने ताशी २५ सेंटवर मजुरी केली होती, त्याच शहरातील राज्याच्या विधानभवनात त्याचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले. ग्रॅम्ब्लिंग येथे २०१० मध्ये त्याच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले.